मापांची वही

एरंडोलात सज्जे होते, पण भाषणाचा एकही नव्हता.
दलपतभाऊ मुंबईहून आला तेव्हा
ट्रंकेत दोन कॉलर, एक शिट्टी,
आणि डोळ्यांत सिनेमात पाहिलेला एक माणूस,
समुद्रापलीकडच्या कुठल्याशा देशाचा:
हनुवटी वर, हात कमरेवर, खाली माणसांनी भरलेला चौक.
आवाज नव्हता म्हणे त्या चित्राला.
दलपतभाऊला सगळं ऐकू आलं.

जिनाच्या वजनकाट्यावर त्यानं सागवानी सज्जा ठोकून घेतला.
मागं दार नाही, सपाट भिंत.
चढायला शिडी.

आधी गटारी साफ झाल्या, खरं ते खरं.
दारूचा गुत्ता उठला. कचेरीवर घड्याळ लागलं
आणि गावाला पहिल्यांदा कळलं की आपल्याला उशीर होतो.
आई म्हणाली, असाच माणूस पाहिजे होता.

मग सदरे.
काळा नको, तो एकाचा. तपकिरी नको, तो दुसऱ्याचा.
आपला निळा, मोरचुदासारखा.
रंग जर्मन पुडीतला, कापड अमळनेरचं,
शिलाई लोटन शिंप्याची, म्हणजे माझ्या बापाची.
बाप माप घेताना बोलत नसे.
पेन्सिल कानावर. छाती, बाही, उंची, गळा.
मास्तरचा गळा. कोतवालाचा गळा.
केळीचे घड मोजणाऱ्या दोधूचा गळा.
बटणं पाच, पैसे उधार.

कागदीपुऱ्यात इमाम कागदी लगदा घोळायचा.
भाऊची फर्मानं त्याच्याच कागदावर निघत.
एका रात्री त्याच्याच हौदात त्याचं डोकं धरून
विचारलं गेलं, सभेला का नव्हतास?
बारा-पंधरा हात होते, कोपरापर्यंत ओले.
सकाळी लगदा निळसर.
रंग कच्चा निघाला, हे बापाला तिथंच कळलं.
त्या दिवशी त्यानं कळण्याची भाकरी अर्धी ठेवली, बस.
त्या आठवड्याचा कागद निळसर आला.
कचेरीनं घेतला. तक्रार नाही.
इमाम नंतर मान एका बाजूला ठेवून चालायचा.

चार वर्षं.

पडला कसा, ते तर लहान पोरांनाही पाठ आहे.
हंगामात जिनातल्या बायांचा आणा कापला
आणि त्याच दुपारी सज्ज्यावर चढून
शिस्त या विषयावर दीड तास.
कुणी ओरडलं नाही. दगड नाही, घोषणा नाही.
बोलणं संपवून भाऊनं पाय खाली सोडला
आणि पायाला पायरी लागेना.

आधी शिट्टी वाजवली.
मग नावं घेऊन हाका मारल्या.
मग नुसतं, अरे. अरे.
खाली निळे सदरे उभे होते, शंभर तरी.
दिवेलागण झाली तसे एकेक घरी गेले,
कुणाची म्हैस, कुणाचा स्वयंपाक.
रात्री त्यानं उडी मारली. खुबा मोडला.
बैलगाडीत घालून स्टेशनावर पोचवला,
गाडीवानानं भाडं आधी घेतलं.

पुढं लढाई लागली, जर्मन पुड्या बंद झाल्या.
सदऱ्यांच्या गोधड्या झाल्या.
अजून थंडीत गच्चीवर वाळत घातल्या की
मधूनमधून एखादा चौकोन दिसतो,
धुऊन धुऊन राखेसारखा झालेला.

आता चहाच्या टपरीवर विचारा:
ती शिडी मनी मायनी काढी.
नाही, आमच्या आजानं. नाही, मीच, दहा वर्षांचा होतो.
चाळीस घरं निघतील शिडीवाली.
सदरा मात्र कुणीच घातला नव्हता.
बाप मशीनवर मान खाली घालून ऐकायचा,
गिऱ्हाईक गेलं की दोरा दातानं तोडून म्हणायचा,
तुनं माप मनी वहीमा शे.
तोंडावर कुणाला म्हणाला नाही. उधारीही मागितली नाही.

बाप गेला. वही माझ्याकडं आहे.
दोनशे बारा नावं, शाई फुटलेली.
शेवटून दुसरी ओळ मी कुणाला दाखवत नाही:
छाती चोवीस, बाही तेरा, बटणं चार.
नावाची जागा कोरी.
घरातल्याच पोराचं नाव
बाप कशाला लिहील?